तिसरी चांदणी दिसेपर्यंत

शनिवारची संध्याकाळ झाली की मी गच्चीवर जाते. रायपूरच्या बुढापाऱ्यात आमचं घर आहे. गच्चीच्या एका कोपऱ्यातून बुढा तलावाचं पाणी दिसतं आणि दिवेलागणीला रस्त्यावरचे दिवे त्या पाण्यात हलायला लागतात. पश्चिमेची लाली उतरता उतरता पहिली चांदणी सापडते. दुसरीला थोडं थांबावं लागतं. तिसरीसाठी मात्र मान अवघडेपर्यंत वर पाहावं लागतं, कारण उरला-सिलतराकडच्या कारखान्यांची राखट झाक आमच्या आभाळावर बारा महिने असते. पावसाळ्यात ती तिसरी कधीकधी दिसतच नाही. मग अंधार पुरता दाटला, असं मनाला पटलं की खाली उतरते.

खाली आले की फोनवर एक गाणं लावते. जेमतेम चार मिनिटांचं आहे. गाणाऱ्या बायका इस्रायलमधल्या एका गावात राहतात, पण त्यांच्या आज्या रायगड जिल्ह्यातल्या. सुरुवातीला ताटं सरकल्याचा आवाज येतो, कुणीतरी कुणाला म्हणतं, ‘पोहे झाका गं,’ आणि मग पाच-सहा जणी एकदम सूर धरतात. आधी हिब्रू, मग मराठी. एलियाहू हन्नाबीचं गाणं. हन्नाबी म्हणजे प्रेषित.

आमच्या घरात कुणी ज्यू नाही. या गाण्यासाठी चांदण्या मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही. पण गाण्याला वेळ असते, प्रसंग असतो, हे मला पहिल्यांदा ज्यांनी शिकवलं, त्या अलिबागच्या एका आजी होत्या आणि हे गाणं त्यांचं होतं.

माझं आजोळ अलिबागचं. मे महिन्याच्या सुट्टीत रायपूरहून आधी नागपूर, मग मुंबई, मग भाऊच्या धक्क्यावरून बोट, असा दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आम्ही तिथे पोचायचो. मामाच्या घरासमोर कोकणातल्या ज्यूंचं, म्हणजे बेने इस्रायल समाजाचं घर होतं. इस्रायल आळी जवळच होती. त्या घरातल्या आजींना आम्ही ‘समोरच्या आजी’ म्हणायचो. नऊवारी नेसायच्या, मासळीवाल्या बाईशी माझ्या आजीइतकीच घासाघीस करायच्या आणि शनिवारी त्यांची चूल बंद असायची. कोकणात या समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. एवढ्या एका सुट्टीवरून शेजारपाजाऱ्यांनी त्यांना वेगळं ओळखलं आणि ते वेगळेपण शेकडो वर्षं सांभाळू दिलं, ही गोष्ट मला कोकणाच्या मोठेपणाची वाटते.

एका सुट्टीत त्यांच्याकडे मलिदा होता. नातवाच्या नोकरीचा नवस फेडायचा होता. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओल्या नारळाचा चव, साखर, वेलची. बाजूला केळी, खजूर आणि आणखी काही फळं. सगळे ताटाभोवती बसले आणि ते गाणं म्हटलं गेलं. मी दारात उभी होते. मला आत बोलावून बसवलं आणि शेवटी माझ्याही ओंजळीत मलिदा पडला. हल्ली वर्तमानपत्रात ‘मलिदा लाटला’ असं वाचते तेव्हा मला त्या शब्दासाठी वाईट वाटतं. माझ्यासाठी तो शब्द ओल्या खोबऱ्याच्या वासाचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसले.

‘आजी, कालचं ते गाणं म्हणा ना.’

‘आज? आज कसं म्हणू?’

‘नुसतं म्हणा. मला शिकायचंय.’

‘अगं, मलिदा कुठाय? माणसं कुठायत? एकटीनं म्हणायचं गाणं नाही ते, बाळ.’

मी हट्ट केला. त्यांनी दोन ओळी म्हणून पाहिल्या, तिसऱ्या ओळीला अडल्या आणि हसून म्हणाल्या, ‘बघ, येतच नाही. पुढच्या मलिद्याला ये.’ पुढच्या मलिद्याच्या वेळी मी रायपुरात शाळेत होते. त्यानंतरच्या एका सुट्टीत गेले तेव्हा समोरच्या घराला कुलूप होतं. मुलाकडे इस्रायलला गेल्या, असं मामीनं सांगितलं.

बेने इस्रायलांची आठवण सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून आले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. हिब्रू हळूहळू विसरली आणि एक ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तेवढीच म्हणायची. सणांना मराठी नावं मिळाली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. पेणचे ते पेणकर झाले, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. पुढे कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना प्रार्थनेची रीत पुन्हा शिकवली. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली मशीद म्हणजे हेच प्रार्थनास्थळ, असं जुने मुंबईकर सांगतात.

मग एकोणिसाव्या शतकात मराठी आणि हिब्रू यांची जी गाठ पडली, तिच्याबद्दल मला कितीही वाचलं तरी पुरे होत नाही. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. १८४६ साली मुंबईत हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली आणि तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरीची तयारी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटकेची ती कथा, पण पीठ मळणारे हात आपल्याकडचे. जोसेफ इझिकेल राजपूरकर या शिक्षकाने आयुष्यभर हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. आणि १८८० साली मुंबईत डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रांनी हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर आपल्या समाजासाठी कीर्तनं लिहायला आणि उभी करायला घेतली. आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. रचना ओवी, साकी, दिंडी आणि पदांची. भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफाची गोष्ट साकीत! मराठी साहित्याच्या इतिहासात हे पान ठळक असायला हवं होतं. आमच्या पाठ्यपुस्तकांत ते मला कधी भेटलं नाही आणि याची खंत मला माझ्या भाषेबद्दल वाटते, त्या समाजाबद्दल नाही. त्यांनी त्यांचं काम केलं होतं.

हिब्रूतल्या प्रार्थनागीताला ‘पियुत’ म्हणतात. शब्द मुळात ग्रीक, कवी या अर्थाच्या शब्दावरून आलेला. ठरलेल्या प्रार्थनेच्या मध्ये कवीने आपल्याकडून घातलेलं गीत म्हणजे पियुत. हे कवी आपलं नाव कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत गुंफून ठेवतात. सोळाव्या शतकात साफेद गावच्या श्लोमो अल्काबेझने शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, स्वागताचं ‘लेखा दोदी’ रचलं, त्याच्या कडव्यांची आद्याक्षरं ओळीने जोडली की त्याचंच नाव मिळतं. आपले संत शेवटच्या चरणात नाव सांगून मोकळे होतात. हा कवी नाव विखरून ठेवतो आणि ते गोळा करायला पूर्ण गीत म्हणावं लागतं. मला दोन्ही तऱ्हा आवडतात. पण दुसरीत एक पहारा आहे. मधलं एक कडवं गळलं तर कवीच्या नावातलं एक अक्षर जातं आणि गाणाऱ्याला कळतं की काहीतरी हरवलंय.

बेने इस्रायलांच्या लग्नात मांडवाकडे येणाऱ्या नवरीसाठी नवरा स्वतः ‘योनाती झिव्ह’ हे पियुत गातो. आपल्याकडे मंगलाष्टकं इतर लोक म्हणतात, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुकाट उभे. तिथे नवऱ्याला गावं लागतं, सूर असो वा नसो.

आता हे सगळं कुठेही बसून ऐकता येतं. ‘पियुताचं आमंत्रण’ अशा अर्थाचं हिब्रू नाव असलेला एक मोठा ध्वनिसंग्रह इंटरनेटवर उभा राहिला आणि पुढे तो जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्याकडे घेतला. एकच पियुत मोरोक्कोच्या चालीत, इराकच्या चालीत, येमेनच्या चालीत, शेजारी शेजारी ठेवलेलं. एकच अभंग पंढरीच्या फडावर, भीमसेन जोशींच्या गळ्यात आणि आमच्या रायपूरच्या मराठी भजनी मंडळात ऐकावा, तसं. पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी झोपले नाही. पहाटेच्या सुमाराला मात्र एक गोष्ट कानाला टोचायला लागली. बहुतेक गायक एकेकटे गात होते. स्वच्छ, सावकाश. खोली शांत. कुणी उशिरा येऊन बाक सरकवत नव्हतं, कुणी पोर रडत नव्हतं.

कारण समजायला मला वेळ लागला. शब्बाथला आणि मोठ्या सणांना यंत्र चालवणं धर्मात बसत नाही. म्हणजे पियुतं ज्या दिवसांसाठी रचली गेली, नेमक्या त्याच दिवशी ती ध्वनिमुद्रित करता येत नाहीत. ‘लेखा दोदी’ शुक्रवारी मावळतीला म्हणायचं, शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी दाराकडे वळायचं, जणू शब्बाथ नावाची नवरी आत येते आहे. त्या वळण्याचा आवाज सनातनी सिनेगॉगच्या कुठल्याही टेपवर असणार नाही. योम किप्पुरला बेने इस्रायल ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून आत उपास आणि प्रार्थना. लावलेल्या दाराच्या आत गाणं आणि यंत्र बाहेर. संग्रहात जे आहे ते कुठल्यातरी मंगळवारी, कुणाच्यातरी दिवाणखान्यात, संशोधकाने विनंती केल्यावर म्हटलेलं. समोरच्या आजींनी मला जे नाकारलं होतं, ते कुणीतरी मोठ्या मनाने दिलेलं आहे. त्या माणसांचे उपकार आहेत. तरी ते आडदिवशीचं गाणं आहे, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पोतवँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. त्यातल्या काही ध्वनिफितींत जात्याची घरघर आहे. ज्या बाईने आयुष्यभर दळताना गायलं, तिला खुर्चीवर बसवून ‘ओवी म्हणा’ म्हटलं की तिची जीभ अडते. हाताने खुंटा धरला की ओवीमागून ओवी येते. आठवण डोक्यात असते, असं आपण समजतो. ती दंडातही असते, मांडी घालून बसण्यात असते, शेजारणीच्या सुरात असते.

हे मला माझ्या आत्याकडून कळलं होतं. आमची आत्या तात्यापाऱ्यात राहायची. भोसल्यांच्या काळापासून नागपूरकडची मराठी घरं छत्तीसगढात येत राहिली, त्यातलंच तिचं सासर. बाहेर छत्तीसगढी, बाजारात हिंदी, देवघरात मराठी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत तिच्या ओसरीवर भुलाबाई बसायची. पुण्याकडे भोंडला असतो, आमच्याकडे भुलाबाई. मातीच्या भुलाबाई-भुलोजी, टिपऱ्या घेतलेल्या मुली आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. आत्याला पन्नासेक गाणी येत होती. एका वर्षी माझ्या भावाने टेपरेकॉर्डर आणला आणि एका कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. ओसरीवर, भुलाबाई बसलेली असताना, मुलींच्या घोळक्यात.

पुढे आत्या गेली. कॅसेट वाजवायचं यंत्रही घरात उरलं नाही. टेपवर बुरशी धरू लागली, तशी मी ती एका दुकानात दिली, डिजिटल करून घ्यायला. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. घरी येऊन लावला तर आत्याचा आवाज असा काही स्वच्छ की डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू लक्षात आलं, टिपऱ्या नाहीत. मुलींचा ओ नाही. आत्या प्रश्न विचारते आहे आणि पलीकडे शांतता आहे. खाऊ कोणता, असं विचारून ती थांबते, आणि त्या थांबण्यात ज्या पंधरा मुली ‘लाडू, चिवडा, करंजी’ ओरडायच्या, त्या सगळ्या पुसल्या गेल्या होत्या. काम करणाऱ्या मुलाने मनापासून काम केलं होतं. त्याला तो गोंगाट वाटला. मूळ टेप त्या सफाईत तुटली होती.

त्या दिवसापासून मी जतन या शब्दाकडे थोड्या धास्तीने पाहते. गाणं साफ करून ठेवलं की गाणारी एकटी पडते.

आणि म्हणून मला तो मलिदा इतका मोलाचा वाटतो. मलिदा शब्बाथला करायचा विधी नाही. तो नवसाला होतो, लग्नाच्या आधी होतो, नव्या घरात होतो, आणि कितीदा तरी शनिवारी रात्री, तीन तारे दिसून शब्बाथ उतरल्यावर होतो. एलियाहूचं स्मरण जगभरचे ज्यू त्याच घटकेला करतात. तेव्हा यंत्राला मनाई नसते. म्हणजे बेने इस्रायलांच्या गाण्यांतलं निदान हे एक गाणं असं आहे, की जे त्याच्या स्वतःच्या वेळी, स्वतःच्या ताटाभोवती, स्वतःच्या माणसांत पकडता येतं. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात त्याला. तिथेही मलिदा होतो. माझ्या फोनमधल्या चार मिनिटांत ताटं सरकतात, पोहे झाकायला सांगणारी बाई आहे, मराठी कडव्याला दोन जणींचे शब्द वेगळे पडतात आणि तिसरी त्यांना रेटून पुढे नेते. कुणीही ते साफ केलेलं नाही. मी त्या अनोळखी माणसाची ऋणी आहे.

एका अक्षराबद्दलही सांगायला हवं. मी हे गाणं पहिल्यांदा शोधलं ते ‘हन्नाबी’ असं लिहून. समोरच्या आजी तसंच म्हणायच्या, बेने इस्रायल तसंच म्हणत आले. काही सापडेना. नंतर कळलं की आजच्या इस्रायली उच्चाराप्रमाणे ते ‘हनावी’ असं नोंदलेलं असतं. बरोबर कोण, हा वाद मला घालायचा नाही. पण कोकणातल्या एका समाजाने ज्या ‘ब’ने आपल्या प्रेषिताला इतकी वर्षं हाक मारली, तो ‘ब’ नोंदीत राहायला हवा. त्यांच्या घरांतून अशा वह्या आहेत, की ज्यांत हिब्रू गीतं देवनागरीत उतरवलेली असतात. घशातून येणारा ‘ह’ कुणी ‘ख’ लिहिला, कुणी ‘ह’ लिहिला, कुणी खाली टिंब दिलं. या वह्या चुकीच्या नाहीत. कान कसा ऐकत होता, त्याच्या त्या नोंदी आहेत. त्या शुद्ध करून छापू नयेत. जशा आहेत तशा, पानाच्या फोटोसकट ठेवाव्यात.

वह्यांवरून कोची आठवते. तिथल्या ज्यू बायका मल्याळममधली गाणी हाताने वह्यांत उतरवून सांभाळत आल्या. त्या वह्या आणि म्हाताऱ्या बायकांचे आवाज एकत्र करून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या ज्यू संगीत संशोधन केंद्राने २००४ साली एक संग्रह काढला. त्याच्या नावातच पोपट आहे, लाडक्या पोपटाला मारलेली हाक. ते नाव वाचलं आणि मी रायपुरात जागच्या जागी थबकले. आमच्याकडे दिवाळीच्या आधी छत्तीसगढी बायका दारोदार सुवा गीत गात येतात. सुवा म्हणजे राघू. टोपलीत धान, धानावर मातीचा राघू, टोपली मध्ये ठेवून भोवती वाकून टाळ्या देत फिरायचं आणि मनातलं सगळं त्या राघूला सांगायचं. लहानपणापासून मी ती टोपली आमच्या अंगणात पाहिली आहे. कोचीच्या बायकांचा राघू आणि बुढापाऱ्यातला राघू यांचं नातं असेल असं मी म्हणत नाही. पण जिला बोलायला कुणी नाही ती बाई पाखराशी बोलते आणि ते बोलणं गाणं होतं, हे दोन्हीकडे खरं आहे. मराठीत ‘पोपटपंची’ हा शब्द आपण हिणवायला वापरतो. अर्थ न कळता म्हणणं म्हणजे पोपटपंची. शेमाची प्रार्थना अर्थ धूसर झाल्यावरही म्हणत राहिलेल्या त्या घाणेवाल्यांचा विचार केला की मला हा शब्द मागे घ्यावासा वाटतो. पुढे शिक्षक आले, व्याकरणं आली, भाषांतरं झाली. पण तोपर्यंत ती एक प्रार्थना जिभेवर जिवंत ठेवणं, हे काम त्या न कळता म्हणण्यानेच केलं.

देवाचं नाव लिहिलेला कागद ज्यू लोक फाडत नाहीत, जाळत नाहीत. सिनेगॉगच्या एका खोलीत टाकून ठेवतात. तिला गेनिझा म्हणतात. कैरोतल्या बेन एझरा सिनेगॉगच्या गेनिझातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लाखांवर तुकडे बाहेर आले. त्यात यन्नाई नावाच्या प्राचीन कवीची पियुतं होती. कवीचं नाव माहीत होतं, पण रचना जवळजवळ सगळ्या लोपलेल्या. १९१९ साली त्यांतल्या काही छापल्या गेल्या. त्याच ढिगात बाराव्या शतकात मंगळूरला येऊन राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रं होती, हिशेब होते आणि त्याने स्वतः रचलेल्या कविताही. मिरी-सुपारी आणि पितळेच्या भांड्यांच्या हिशेबाशेजारी कविता. कुणी ते कागद निवडून, साफ करून ठेवले असते, तर हिशेब नक्की फेकले गेले असते आणि तो कवी मंगळूरला पितळ ओतवून घेत होता, हे आपल्याला कधी कळलं नसतं. आपल्याकडे जीर्ण पोथी नदीत सोडतात. तोही आदरच आहे. पण कैरोच्या त्या अंधाऱ्या खोलीपुढे मी हात जोडते, कारण तिने काय मोलाचं आणि काय कचरा, हे ठरवलं नाही.

यन्नाईचे शब्द मिळाले, चाली मिळाल्या नाहीत. कागद चाल धरून ठेवत नाही. आपल्याला ते भाग्य आहे की आपल्या हातात चाल धरून ठेवणारं यंत्र आहे, अगदी खिशात आहे. भारतात आता बेने इस्रायल जेमतेम चार-पाच हजार उरले. बहुतेक घरं १९४८ नंतर इस्रायलला गेली, दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावांत वसली. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक त्यांनी चालवलं. पण मराठीतून मलिद्याचं गाणं आणि कीर्तनातली पदं म्हणणारी पिढी ऐंशीच्या पुढची आहे, आणि नातवंडांना हिब्रू येते, मराठी येत नाही. रायपुरात आमच्या नातवंडांचंही तसंच आहे, फक्त हिब्रूच्या जागी हिंदी. सप्रे शाळेवरून जाताना मी दरवेळी माधवराव सप्र्यांना मनात नमस्कार करते. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं, म्हणून या मातीत समर्थ आणि टिळक वाचले गेले. ओव्या मात्र हिंदीत नेता येत नाहीत. त्या मराठीतच म्हणाव्या लागतात, नाहीतर थांबतात.

म्हणून मी या वर्षापासून एक केलं आहे. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांकडून भुलाबाईची गाणी आता भाद्रपद-आश्विनातच टिपते, भुलाबाई बसवून, टिपऱ्यांसकट, मुलींना खाऊ ओळखायला लावून. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर होऊ देते. म्हणणारी विसरली तर थांबते. दुसरीने चूक काढली तर तो वादही राहू देते. नाव, गाव, माहेर, गाणं कुणाकडून शिकली, हे तिच्याच तोंडून सुरुवातीला बोलून घेते, आणि लोकांसमोर ठेवू का, असं विचारते. ती नको म्हणाली तर ठेवत नाही. प्रत दोन ठिकाणी ठेवते, एक माझ्याकडे आणि एक तिच्या घरी. आणि काहीही साफ करत नाही.

तुम्ही मुंबईत, ठाण्यात, पनवेलला, पुण्यात, अलिबागला राहत असाल आणि तुमच्या ओळखीत एखादं बेने इस्रायल कुटुंब असेल, तर त्यांच्या घरच्या पुढच्या मलिद्याला बोलावतील का, म्हणून विचारा. बोलावतील, ते मन मोठं आहे. शनिवारी असेल तर अंधार पडू द्या, तीन चांदण्या दिसू द्या. मग परवानगी मागून फोन ताटाशेजारी ठेवा आणि गाणाऱ्यांत जाऊन बसा. समोरच्या आजींचं गाणं माझ्याकडे दोनच ओळींचं आहे, तेही आठवणीतलं.